सुतार पाहावा लावून

'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' एवढे सांगून आपले पूर्वज थांबले. तिसरी गोष्ट सांगण्याची त्यांना गरज पडली नाही. सुतार गावातलाच असे. त्याच्या बापाने आपल्या वडिलांचा पाळणा केलेला असे. असा माणूस काम अर्धवट टाकून पळणार तरी कोठे? आज मात्र ती म्हण पुरी करण्याची वेळ आली आहे. घर पाहावे बांधून, लग्न पाहावे करून आणि सुतार पाहावा लावून!

गवंडी येतो, भिंत उभी करतो आणि जातो. रंगारी चार दिवस घर उलटेपालटे करून निघून जातो. सुताराचे तसे नाही. तो हत्यारांची पिशवी घेऊन येतो आणि थेट दिवाणखान्यात ठाण मांडतो. पंधरा दिवसांच्या कामासाठी आलेला सुतार दोन महिन्यांत घरचा माणूस होतो. त्याला चहात साखर किती लागते हे गृहिणीला पाठ होते, धाकट्या चिरंजिवांचा अभ्यास करवतीच्या तालावर होऊ लागतो आणि पोह्यांवर खोबऱ्याबरोबर थोडा भुसाही पडतो. काम मनासारखे झाले तर हा सारा त्रास आठवडाभरात विसरला जातो. बिघडले तर मात्र ते विसरू म्हणता विसरत नाही. कारण न लागणारे दार दिवसातून वीस वेळा लावावे लागते.

मी भाषेचा मास्तर. तेव्हा शब्दाची थोडी फोड केल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. 'सुतार' हा शब्द 'सूत्रधार' या शब्दापासून आला आहे. नाटकातला सूत्रधार आणि आपल्या स्वयंपाकघरात फळ्या ठोकणारा मिस्त्री हे एकाच शब्दाचे वारस! ज्याच्या हाती सूत्र, म्हणजे मापाची दोरी, तो सूत्रधार. त्या दोरीची आठवण सुतारांच्या बोलीत अजून टिकून आहे. इंचाचा आठवा भाग म्हणजे एक 'सूत'. 'दार दोन सूत कमी करा' असे मिस्त्री आपल्या पोराला सांगतो, तेव्हा ते पाव इंच तासायचे असते. आणि दोन माणसांचे पटले की आपण म्हणतो, त्यांचे सूत जमले. घरमालक आणि सुतार यांचे सारे प्रकरण या दोन सुतांत आहे. लाकडातले सूत जुळावे लागते आणि माणसांतलेही.

हे मनात येण्याचे कारण वढू बुद्रुक. पुण्याहून नगर रस्त्याने कोरेगाव भीमापर्यंत जावे आणि तेथून आत वळावे, की भीमेच्या काठचे हे शिरूर तालुक्यातले गाव लागते. छत्रपती संभाजी महाराजांची समाधी येथे आहे. १६८९ साली महाराजांचा अंत झाला. त्या ठिकाणी माथा टेकवायला वर्षभर माणसे येतात. आमचे जुने घर याच गावात. थोरले बंधू आणि वहिनी तेथे राहतात. मी सुट्टीत जातो आणि चार दिवस नदीकाठचा वारा खाऊन परत येतो. शिक्रापूर-सणसवाडीकडे कारखाने उभे राहिले, रस्ते सुधारले, तशी या पट्ट्यात नवी बांधकामे वाढली. पूर्वी गावात घर बांधले की गावचा सुतार बोलावला जाई. आता रस्त्यावरच्या पाटीवरून कंत्राटदाराचा दूरध्वनी क्रमांक उतरवून घेतात.

आमच्या गल्लीत एकाच वर्षी दोन घरांत सुतारकाम निघाले. एक आमच्या घरात, दुसरे समोरच्या गुरुजींच्या घरात. गुरुजी म्हणजे प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक. निवृत्तीच्या पैशांतून त्यांनी जुन्या घरामागच्या जागेत चार खोल्यांचे नवे घर बांधले. दारे, चौकटी, स्वयंपाकघरातली कपाटे आणि दोन मोठी कपाटे असे सगळे सुतारकाम त्यांनी शहरातल्या एका कंत्राटदाराला ४,२०,००० रुपयांना दिले. कंत्राटदार गोड बोलणारा होता. त्याने जाडजूड नमुना-पुस्तिका उघडून दाखवल्या, सागवानाचा तासलेला तुकडा हातात दिला आणि गुरुजींच्या मातोश्रींच्या पाया पडला. निम्मी रक्कम, म्हणजे २,१०,००० रुपये, आगाऊ घेतली. तीन आठवड्यांनी 'लाकूड उचलायचे आहे' म्हणून आणखी ७०,००० नेले. चौकटी बसल्या, स्वयंपाकघरात कपाटांचे सांगाडे उभे राहिले आणि एके दिवशी कंत्राटदार यायचा थांबला.

यात रडकुंडीला येण्यासारखे काय, असे कोणी म्हणेल. गुरुजींच्या मातोश्री चौऱ्याऐंशी वर्षांच्या. जुने घर उतरवलेले, नवीन घरात राहायला आलेले, आणि नव्या न्हाणीघराला दार नाही! दाराच्या जागी जुन्या लुगड्याचा पडदा बांधला होता. जन्मभर पदर न ढळू दिलेली ती माउली उजेडात न्हाणीघरात जाईना. पहाटे सगळे उठायच्या आत आणि रात्री सगळे झोपल्यावर, अशी तिने आपली वेळ ठरवून घेतली. दिवसभर पाणी कमी प्यायची. पुढे मूत्रमार्गाला त्रास होऊन डॉक्टरांकडे न्यावे लागले, तेव्हा सुनेला कारण कळले. लाकडाचा दर, मजुरीचा दर यांची चर्चा आपण पुष्कळ करतो. एक दार दोन महिने उशिरा आले तर म्हाताऱ्या माणसाच्या आयुष्यात त्याची किंमत काय होते, ती कोणत्या अंदाजपत्रकात लिहिलेली नसते.

कंत्राटदाराला दूरध्वनी केला की तो उचलत नसे, आणि संदेश पाठवला की उत्तर ठरलेले: 'उद्या येतो.' गुरुजींनी जन्मभर हजेरीपट भरलेला. त्यांनी हे 'उद्या' मोजून ठेवले. एकूण सव्वीस भरले.

मात्र या कथेतले मला सर्वांत आवडलेले पान पुढेच आहे. कंत्राटदाराने दोन तरुण सुतार कामावर ठेवले होते. उत्तरेकडून आलेली पोरे ती. घरातच एका कोपऱ्यात पथारी टाकून राहत. मालक गायब झाला, तेव्हा त्यांचीही दीड महिन्याची मजुरी बुडाली होती. गुरुजींच्या मंडळींनी 'पोरे उपाशी कशी ठेवायची' म्हणून त्यांना दोन वेळचे जेवण घातले. तिसऱ्या दिवशी त्यांतला थोरला गुरुजींसमोर येऊन उभा राहिला आणि मोडक्या मराठीत म्हणाला, "आजी के लिए दरवाजा हम बना देता. मजुरी बाद में बघू." पडून असलेल्या फळ्यांतून त्यांनी न्हाणीघराचे दार एका दिवसात केले आणि आतून पितळी कडी लावली. गुरुजींनी त्यांची त्या दाराची मजुरी तेथेच चुकती केली, ही गोष्ट निराळी. पण त्या रात्री आजींनी जेवताना दोन पेले पाणी मागून घेतले, असे वहिनींनी मला सांगितले.

पुढे आमच्या गावच्या मिस्त्रींनी झालेल्या कामाची पाहणी केली. चौकटीवरचे चकचकीत रोगण त्यांनी कोपऱ्यात पटाशीने खरवडले, लाकडाचा वास घेतला आणि मान हलवली. सागाला कापल्यावर चामड्यासारखा एक वास येतो, हाताला किंचित तेलकटपणा लागतो. येथे दोन्ही नव्हते. रंगवलेले दुसरेच कसले तरी लाकूड होते. कपाटांच्या प्लायवूडवर कोठेही शिक्का नव्हता. सगळे मिळून काम १,६०,००० रुपयांच्या वर जात नव्हते, म्हणजे गुरुजींचे १,२०,००० कंत्राटदाराकडे अडकले होते.

आता आमच्या घरची हकीकत. आमच्या मधल्या दाराची चौकट आजोबांच्या वेळची. तिला खालून वाळवी लागली. थोरल्या बंधूंचा विचार होता की, सगळी चौकट काढून नवी बसवावी. गावचे मिस्त्री आले. वय साठीच्या पुढे, डोळ्यांना चष्मा, कानावर पेन्सिल. त्यांच्या वडिलांनी आमच्या वडिलांची बैलगाडी केलेली. त्यांनी चौकटीवर हातोडीच्या दांड्याने खालपासून वरपर्यंत टकटक केले. वैद्याने नाडी पाहावी तसा तो प्रकार होता. मग म्हणाले, "अण्णा, चौकट मोडू नका. खालचं नऊ इंच गेलंय, वरचं लाकूड अजून खणखणीत हाय. असलं साग आता पैसे टाकून गावायचं न्हाई." त्यांनी दोन्ही बाजूंचा खालचा खाल्लेला भाग कापला, तेथे मुरलेल्या सागाचे नवे तुकडे तिरक्या सांध्याने बसवले, वाळवीचे औषध पाजले आणि खाली दगडी बैठक दिली. सांधा कोठे आहे हे आज दाखवल्याशिवाय दिसत नाही. नव्या चौकटीसाठी बंधूंनी जी रक्कम बाजूला काढली होती, तिच्या चौथ्या हिश्शातच काम झाले.

यावर कोणी म्हणेल, 'पाहा, गावचा सुतार चांगला आणि शहरचा वाईट!' तसे मुळीच नाही. आमच्या मिस्त्रींनीही तीन आठवड्यांचा उशीर केला. मध्ये पेरणी आली, मग पुतण्याचे लग्न निघाले. फरक एवढाच होता की, ते येणार नसले की आदल्या संध्याकाळी निरोप येई. आणि माझ्या पुण्यातल्या एका सहकाऱ्याच्या सदनिकेचे काम एका तरुण कंत्राटदाराने ठरल्या तारखेच्या दोन दिवस आधी पुरे केले. इतकेच नव्हे, उरलेले बिजागऱ्यांचे डबे मोजून परत दिले. चांगुलपणा सात-बाराच्या उताऱ्यावर लागलेला नसतो.

जुन्या व्यवस्थेचे गोडवे गाणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगतो. त्रिंबक नारायण आत्रे यांचा 'गावगाडा' हा ग्रंथ १९१५ साली प्रसिद्ध झाला. गावच्या बारा बलुतेदारांत सुताराचा मान थोरल्या ओळीतला. कुणब्याने लाकूड पुरवायचे, सुताराने औत, कुळव, पाभर, गाडी नीट करून द्यायची आणि सुगीत खळ्यावर जाऊन धान्याचा वाटा घ्यायचा, असा तो व्यवहार होता. घराचे नवे काम निघाले तर त्याची मजुरी निराळी. हे चित्र दुरून गोजिरवाणे दिसते. पण आत्रे स्वतः महसूल खात्यात काम केलेले. ऐन हंगामात औतासाठी ताटकळणारा कुणबी त्यांना ठाऊक होता आणि पिढीजात बांधिलकीतून येणारी ढिलाईही ठाऊक होती. सुतारालाही या बांधिलकीत दुसरी वाट नव्हती. पीक बुडाले की त्याचेही पोट बुडाले. आज आमच्या मिस्त्रींचा पुतण्या यंत्राने रंधा मारतो, रोख मजुरी घेतो आणि न पटलेल्या कामाला 'नाही' म्हणू शकतो. हे स्वातंत्र्य त्याच्या आजोबांना नव्हते.

व्यवस्था कशी बदलली हे पाहण्यासारखे आहे. १९१० साली किर्लोस्करवाडी वसली आणि लोखंडी नांगर गावोगाव पोहोचले. पुढे ट्रॅक्टर आले, बैलगाड्या उठल्या आणि सुताराचे शेतातले काम सरले. इकडे घरातले काम बदलले. पूर्वी सुतार सरस शिजवून सांधे चिकटवीत. त्याचा वास घरभर भरे आणि पावसाळ्यात तो सरस सुटेही. १९५९ साली फेव्हिकॉल बाजारात आले आणि सरसाची ती कढई हळूहळू चुलीवरून उतरली. अख्ख्या लाकडाच्या जागी प्लायवूड आले, रोगणाच्या जागी सनमायका आला. सुतार घडवणारा होता, तो जोडणारा झाला. जोडणाऱ्या माणसांची टोळी लागते, टोळीला पुढारी लागतो, आणि त्या पुढाऱ्याचे नाव कंत्राटदार. या बदलात घरमालकाचा तोटा झाला तो एका बाबतीत: हातात हत्यार असणारा माणूस आणि पैसे घेणारा माणूस हे आता दोन झाले.

म्हणून चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात. त्या दोन्ही घरांच्या अनुभवातून निघाल्या आहेत.

पहिली गोष्ट मापाची. 'चौरस फुटाला इतके' असा दर कंत्राटदार सांगतो, तेव्हा कोणता चौरस फूट, हे विचारावे. समजा, एक कपाट सात फूट उंच, सहा फूट रुंद आणि दोन फूट खोल आहे. समोरून मोजले तर ते ४२ चौरस फूट. आता आतली लाकडे मोजा. दोन बाजू २८, वरखालच्या फळ्या २४, पाठ ४२, दारे ४२, मधला पडदा १४ आणि तीन बाय दोनचे आठ कप्पे ४८. बेरीज झाली १९८. तेच कपाट, पण माप जवळजवळ पाचपट! दोन्ही पद्धती बाजारात चालतात आणि दोन्ही प्रामाणिक असू शकतात. एका पद्धतीचा दर आणि दुसऱ्या पद्धतीचे माप एकत्र आले की मात्र भांडण ठरलेले. प्लायवूडचा अख्खा तक्ता आठ बाय चार फुटांचा, म्हणजे ३२ चौरस फुटांचा असतो. तेव्हा अशा कपाटाला सहा तक्त्यांच्या वर थोडे लागेल, हे आपल्यालाही काढता येते. पाठीला बहुधा पातळ तक्ता लावतात, तो वेगळा धरावा.

लाकडाचे माप घनफुटात. सात फुटी दाराची, पाच इंच बाय तीन इंच जाडीची उंबऱ्यासह चौकट घ्या. दोन उभ्या बाजू सात-सात फुटांच्या, दोन आडव्या साडेतीन-साडेतीन फुटांच्या. लांबी २१ फूट भरली. त्याचे सव्वादोन घनफुटांच्या थोडे आतच लाकूड होते. तासण्यात आणि कापण्यात काही जाणारच. पण चार घनफुटांचे बिल आले तर कारण विचारण्याचा आपला हक्क आहे.

दुसरी गोष्ट मालाची. प्लायवूड घेताना तक्त्यावरचा भारतीय मानक संस्थेचा शिक्का वाचावा. साध्या वापराच्या प्लायवूडचे मानक ३०३ आणि पाण्याला टिकणाऱ्या मरीन प्लायवूडचे ७१०. या दुसऱ्या प्रकारच्या प्लायवूडचे तुकडे ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून त्याचे थर सुटतात का ते पाहतात. न्हाणीघराजवळ आणि मोरीखाली हेच वापरावे. बैठकीच्या खोलीतल्या पुस्तकांच्या मांडणीला त्याची गरज नाही, तेथे पैसे वाचवावेत. सागाच्या बाबतीत गाभ्याचे लाकूड आणि बाहेरचे पांढरट लाकूड यांत फरक असतो. किडीला आणि वाळवीला ते पांढरट लाकूड आवडते. आणि लाकूड मुरलेले हवे. ओले लाकूड वाळताना रुंदीत आकसते, लांबीत फारसे नाही. त्यामुळे उन्हाळ्यात फळ्यांमध्ये फटी पडतात आणि पावसाळ्यात तेच दार फुगून चौकटीत अडकते. माल आपण आणून दिला आणि सुताराला फक्त मजुरी ठरवली, तर मालाचा विश्वास आपल्या हाती राहतो, पण बाजारात फेऱ्या माराव्या लागतात. मालासकट काम दिले तर फेऱ्या वाचतात. अशा वेळी नमुन्याच्या तुकड्यावर दोघांनी सही करून तो कपाटात ठेवावा.

तिसरी गोष्ट पैशांची. निम्मी रक्कम आगाऊ, हा रिवाज घरमालकाला दुबळा करतो. काम टप्प्यांत पाडावे: माल आला की एक हप्ता, सांगाडे उभे राहिले की दुसरा, दारे लागली की तिसरा, आणि किरकोळ दुरुस्त्या झाल्या की शेवटचा. सर्वांत आधी कोणते काम, हेही लिहावे. न्हाणीघराचे दार आधी, दिवाणखान्यातली नक्षी मागून. पाहुणे नक्षी पाहतात, पण घर दारांवर चालते.

आणि चौथी गोष्ट कागदाची. आमच्या मिस्त्रींचे शिक्षण चौथीपर्यंत. पण कामाला हात लावण्याआधी त्यांनी वहीत मापे, दर आणि दिवस लिहिले आणि बंधूंची सही मागितली. बंधू म्हणाले, "आपल्यात कशाला कागद?" तेव्हा ते म्हणाले, "अण्णा, शब्द दोघांच्याबी ध्यानात राहतो. पर दोघांच्या ध्यानात येगयेगळा राहतो." करारविषयक कायद्यावर मी इतके नेमके वाक्य दुसरीकडे ऐकलेले नाही.

तरीही फसवणूक झालीच, तर? ही चळवळ मुळात आपल्या पुण्याचीच. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायतीची स्थापना केली. १९८६ साली ग्राहक संरक्षणाचा कायदा झाला. त्याच्या जागी २०१९ चा नवा कायदा आला आणि तो २०२० पासून अमलात आहे. काम अर्धवट टाकणे ही सेवेतली त्रुटी, म्हणून जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. सेवेसाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क पडत नाही आणि वकील नसला तरी चालते. राष्ट्रीय ग्राहक मदत क्रमांक आहे १९१५. 'गावगाडा' प्रसिद्ध झाला ते सालही हेच! मराठीच्या मास्तरला हा क्रमांक विसरणे आता शक्य नाही. तुम्हीही त्याच खुणेने लक्षात ठेवा.

गुरुजींनी दाव्याआधी एक रीतसर नोटीस पाठवली. तिच्यासोबत पैसे दिल्याच्या बँकेच्या नोंदी, चौकटींची छायाचित्रे आणि ते सव्वीस 'उद्या' तारीखवार जोडले. हजेरीपट कामाला आला! पंधरा दिवसांत कंत्राटदार स्वतः वढूला आला. त्याची बाजूही ऐकण्यासारखी होती. एका मोठ्या इमारतीचे काम त्याने घेतले होते, तेथल्या मालकाने त्याचे बिल थकवले आणि ते भोक बुजवायला त्याने गुरुजींचे पैसे वापरले. एकाच्या चौकटीचे लाकूड दुसऱ्याच्या दारात गेले. फसवणुकीची साखळी अशी वरून खाली येते आणि शेवटची कडी नेमकी म्हाताऱ्या माणसाच्या न्हाणीघरापाशी तुटते. त्याने पंचवीस-पंचवीस हजारांच्या तीन हप्त्यांत ७५,००० रुपये परत केले. उरलेल्या ४५,००० वर गुरुजींनी पाणी सोडले. मंडळींच्या मते सोडायला नको होते. यावर त्या घरात अजून एकमत नाही.

आता थोडे घरमालकांविषयी, म्हणजे आपल्याविषयी. सुतारांशी मी मुद्दाम बोललो. त्यांच्याही तक्रारी आहेत आणि त्या खऱ्या आहेत. कपाट उभे राहिल्यावर कोणी तरी मोबाइलवर दुसरे चित्र दाखवतो आणि 'असे करता येईल का' म्हणून विचारतो. मोडून पुन्हा करण्याची मजुरी मात्र कोणी काढत नाही. 'आता आलाच आहात तर देव्हाऱ्याची फळी, पाटाचा पाय आणि आजोबांची काठी तेवढी बघा' असे 'तेवढे' करता करता दोन दिवस जातात. कामगारांना संडासात जाऊ देत नाहीत, पिण्याच्या पाण्याचा पेला वेगळा ठेवतात. आणि शेवटचा हप्ता? तो 'पुढच्या महिन्यात बघू' या खात्यात जातो. कंत्राटदाराचे 'उद्या' गुरुजींनी मोजले, पण सुतारांनीही आपले 'पुढच्या महिन्यात' मोजले, तर आकडा लहान निघणार नाही.

आमच्याकडे चौकट बसवली की पूजा करण्याची रीत आहे. हळदकुंकू लावतात, नारळ वाढवतात आणि मिस्त्रीला टोपी-टॉवेल देऊन त्याचा मान करतात. रीत सुंदर आहे आणि ती चालू राहावी. पण मान टॉवेलाने पुरा होत नाही. कष्टाचे दाम वेळेवर देणे हा त्या पूजेचाच भाग आहे.

दिवाळी आली आहे. नव्या दाराला तोरण लागेल, नव्या उंबऱ्यापुढे रांगोळी निघेल. तेव्हा वाचकहो, फराळाच्या खरेदीची यादी करताना तिच्यात सर्वांत वर एक ओळ लिहा: मिस्त्रींचा राहिलेला हप्ता. तो धनत्रयोदशीच्या आत पोहोचवा. त्याच्याही घरी पोरेबाळे आहेत, आणि फटाके उधारीवर मिळत नाहीत.